‘लाइन’ हा एकच शब्द की दहा?

मृणाल_रेशीमबाग

परवा शनिवारी माझ्या सहावीतल्या लेकीनं एक वही केली. घरात दिवसभर ‘लाइन’ हा शब्द कोण, कधी आणि कशासाठी बोललं ते त्यात टिपायचं, असा तिचा बेत.

सकाळी दूधवाला म्हणाला, “ताई, पुढच्या महिन्यापासून ही लाइन माझा भाऊ पाहील.” नऊ वाजता सासरे म्हणाले, “लाइन गेली.” आधार केंद्रावरून परत आल्यावर मी म्हणाले, “बापरे, केवढी लाइन होती!” यजमान फोनवर ओरडत होते, “आवाज कटून राहिला, लाइन खराब आहे.” शेजारचे काका सांगत आले की त्यांच्या मुलानं इंजिनिअरिंग सोडून हॉटेल लाइन धरली. आत्या सिव्हिल लाइन्समधून आली, तीही नागपूर मेट्रोच्या ऑरेंज लाइननं. गणिताच्या वहीत नंबर लाइन. टीव्हीवरचा समालोचक लाइन आणि लेंग्थचं बोलत होता. आणि भाची बहिणीच्या कानात पुटपुटली, “तो लाइन मारून राहिला.” झाले दहा.

झोपताना लेकीनं विचारलं, “आई, हा एकच शब्द आहे की दहा वेगळे शब्द? आपल्या ‘कर’सारखं? हात म्हणजे कर, घरपट्टी म्हणजेही कर.” मला उत्तर देता आलं नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

कपिल_मानेवाडा

अकरावा माझ्याकडून घ्या. नळाची लाइन. आमच्याकडे सकाळी सहाला तिचीच चर्चा असते.

शब्दवेडा_धंतोली

मृणालताई, लेकीचा प्रश्न फार नेमका आहे. थोडक्यात सांगायचं तर एकच शब्द, आणि तोही एका झाडापासून निघालेला.

लॅटिनमध्ये ‘लिनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या देठातून जो धागा निघतो त्याची दोरी म्हणजे ‘लिनेआ’. ही दोरी ताणली की सरळ जाते, म्हणून त्या सरळपणालाही लिनेआच म्हणायला लागले. इंग्रजीत हा शब्द दोन वाटांनी आला. एक जुनी वाट, जुन्या इंग्रजीतली, तिथे त्याचा अर्थ दोरी आणि ओळ. दुसरी फ्रेंचमधल्या ‘लिन्य’ची. मध्ययुगात दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या आणि आजचा ‘लाइन’ तयार झाला.

त्याचं सगळं गणगोत त्याच झाडाचं आहे. लिनन म्हणजे जवसाचं कापड. लिनसीड म्हणजे जवसाचं बी. लायनिंग म्हणजे कोटाला आतून लावायचं लिननचं अस्तर. लिनोलियम, जुन्या बंगल्यांत जमिनीवर अंथरायचे ते, जवसाच्या तेलापासून बनतं आणि त्याच्या नावात ‘लिनुम’ आणि ‘ओलेउम’ म्हणजे तेल, असे दोन शब्द आहेत. लिनेट नावाचा एक छोटा पक्षी आहे, जवसाचं बी खातो म्हणून ते नाव.

कोशात अस्तर लावण्याच्या अर्थाचा ‘लाइन’ वेगळी नोंद म्हणून देतात. म्हणजे काटेकोर बोलायचं तर दोन नोंदी, पण मूळ एकच.

निळाई_भिवापूर

शब्दवेडा सर, वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी जवस तीन पिढ्यांपासून आहे. आम्ही उतेरा करतो. म्हणजे धान कापायच्या आधीच, शेतात ओल असते तेव्हा, उभ्या धानात जवसाचं बी फेकतो. धान निघेपर्यंत जवस बोटभर वर आलेलं असतं. नांगर नाही, पाणी नाही, रात्रीच्या दवावर वाढतं.

फूल निळं. सकाळी आठ-नऊला पूर्ण धुरा निळा दिसतो, आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून खाली पडतात. रोज नवी फुलं. माझी आजी म्हणायची, जवस पाहायचं असंल तं चहा पिऊन लगेच निघा.

पण एक सांगा, आमच्या जवसातून कोणी धागा काढताना मी कधी पाहिलं नाही. बी काढतो, कुटार जाळतो नाहीतर कंपोस्टात टाकतो.

शब्दवेडा_धंतोली

निळाईताई, बरोबर पाहिलंत. धाग्याचं जवस उंच आणि सरळ वाढतं, फांद्या फक्त शेंड्याला. आपलं बियांचं जवस बुटकं, फांद्या जास्त. जात एकच, निवड वेगळी. धागा मात्र आपल्याही देठात असतो, आखूड आणि भरड.

गजानन_अजनी

मी रेल्वेत चौतीस वर्षं लाइनवर काढली. ती लाइन लोखंडाची होती. जवसापासून रूळ निघतो हे मला काही पटत नाही. मराठीत याला सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात. इंग्रज लोकांना जे सोयीचं वाटलं ते नाव दिलं, एवढंच असावं. प्रत्येक शब्दाला झाड शोधायची काय गरज?

ओळंबा_लोहाओळी

गजाननकाका, ‘सुतावरून’ म्हणालात तिथेच तुम्ही स्वतःला उत्तर दिलंत!

माझं लोखंडाचं दुकान आहे इतवारीत, लोहा ओळीत. पत्त्यातच पाहा, ‘ओळी’ म्हणजे लाइनच. सराफा ओळी, किराणा ओळी. आता दुकानात काय चालतं ते ऐका. गवंडी येतो आणि म्हणतो, तीन सुती दे. म्हणजे दहा एमएमची सळई. चार सुती म्हणजे बारा एमएमची. आठ सुतांचा एक इंच. सूत म्हणजे धागा, आणि त्याच धाग्याचं झालं माप. त्याच सुतानं भिंत सरळ पाहतात, म्हणून गवंडी म्हणतो, “भिंत सुतात आहे.” सूत धरणारा तो सूत्रधार, त्याचाच झाला सुतार. इंग्रजांनी जवसाच्या दोरीनं सरळ पाहिलं, आपण कापसाच्या. तुमचे रूळ टाकायच्या आधीही कोणीतरी दोरी ताणलीच असेल की नाही?

कपिल_मानेवाडा

आणि मृणालताईंच्या भाचीचं काय? इंग्रजी शब्द घेऊन लाइन मारतात, मराठीत सूत जुळतं. दोन्हीकडे धागाच!

शब्दवेडा_धंतोली

कपिल, हे भारी काढलंस. आणि ओळंबादादा, तुमच्या सुताचा जुळा भाऊ तिकडेही आहे. जुन्या इंग्रजी मापात इंचाच्या बाराव्या भागाला ‘लाइन’ म्हणत. धागा, मग सरळ रेघ, मग माप. दोन्ही भाषा एकमेकींना न विचारता त्याच वाटेनं गेल्या.

बटन_गांधीबाग

मापावरून आठवलं. आमच्या बटनांच्या धंद्यात लाइन अजूनही चालते, फक्त तिथे चाळीस लाइनींचा एक इंच. शर्टाचं बटन सोळा किंवा अठरा लाइन, कोटाचं मोठं. व्यापारी बॉक्सवर अठरा लिहितात आणि पुढे इंग्रजी एल. नवीन पोरगा कामाला आला की एल म्हणजे लार्ज समजतो आणि ग्राहकाला चुकीचं बटन देतो. आम्ही त्याला पट्टीवर ठेवून दाखवतो, चाळीस लाइन म्हणजे अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं कमी.

सुरतहून अस्तराचा ताका येतो त्यावरही ‘लायनिंग’ लिहिलेलं असतं. आता ते सगळं पॉलिस्टरचं. ह्या शब्दाच्या पोटात जवस आहे हे मला आज कळलं. बावीस वर्षं हा शब्द रोज बोलतो आहे.

मंजिरी_बजाजनगर

मी शाळेत संस्कृत शिकवायचे. निळाईताईंच्या प्रश्नात थोडी भर घालते. आपल्या देशात जवसाचा धागा कोणी काढलाच नाही असं नाही. अमरकोशात ओळ आहे, ‘अतसी स्यादुमा क्षुमा’. अतसी, उमा, क्षुमा, तिन्ही नावं जवसाचीच. क्षुमेपासूनचं वस्त्र ते क्षौम. काव्यांत, धर्मग्रंथांत क्षौम वस्त्राचे उल्लेख भरपूर आहेत, मंगलकार्यात नेसायचं वस्त्र म्हणून. अतसीचंच पुढे अळशी झालं. कृष्णाष्टकात ‘अतसीपुष्पसङ्काशम्’ म्हणतो तेव्हा कृष्णाच्या रंगाला निळाईताईंच्या शेतातल्या त्याच फुलाची उपमा आहे.

मुलं विचारायची, “बाई, हे अतसी कसं दिसतं?” मी फळ्यावर निळ्या खडूनं काढून दाखवायचे. खरं फूल शाळेत न्यायला हवं होतं, नागपुरापासून तासाभरावर शेतं आहेत.

निळाई_भिवापूर

मंजिरीबाई, पुढच्या जानेवारीत या. सकाळी आठच्या आत पोचा.

विलास_तरोडी

लिनुम हे नाव लिनियस या शास्त्रज्ञाच्या नावावरून पडलं असं मी कुठेतरी वाचलं होतं.

शब्दवेडा_धंतोली

नाही विलासराव. लिनुम त्याच्या कितीतरी शतकं आधीचा लॅटिन शब्द आहे. लिनियसचं आडनाव स्वीडनमधल्या लिंडेन झाडावरून आलं. पण १७५३ मध्ये त्यानं जवसाला जे शास्त्रीय नाव दिलं ते फार सुंदर आहे, ‘लिनुम उसिटाटिसिमुम’. म्हणजे सर्वात उपयोगी जवस. इजिप्तच्या ममी याच्याच कापडात गुंडाळलेल्या आहेत. जॉर्जिया देशातल्या एका गुहेत जवसाचे धागे सापडले, ते सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीचे, आणि त्यातले काही रंगवलेले होते. शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधी माणूस रानातल्या जवसाची दोरी वळत होता.

सुनंदा_हिंगणा

एवढं जवस जवस चाललंय आणि चटणीचं नाव नाही? जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचं. मिक्सर शेवटचा पर्याय, त्यात तेल सुटून गोळा होतो. ज्वारीच्या भाकरीवर चटणी आणि वरून कच्चं जवसाचं तेल.

निळाई_भिवापूर

सुनंदाताई, चटणीत थोडे तीळ. आणि तेल घाण्यावरचंच, महिनाभरात संपवायचं. जास्त दिवस ठेवलं तर वास धरतं.

यष्टीरक्षक_जामठा

ते तेल हवेत घट्ट होतं आणि कोरडं पडतं, म्हणूनच रंगात आणि भेगा बुजवायच्या लांबीमध्ये वापरतात. आणि बॅटला! आम्ही लहानपणी नवीन बॅट आणली की आठवडाभर तिला अळशीचं तेल पाजायचो, रोज एक पातळ हात, फळी आडवी ठेवून. घरभर तो वास. वडील म्हणायचे, तेलाचे बोळे एकत्र गोळा करून ठेवू नको, आपोआप पेटतात. तेव्हा मला वाटायचं भीती दाखवतात, पण ते खरं आहे.

म्हणजे बघा, बॅट जवसाच्या तेलातली आणि बोलरची लाइन जवसाच्या धाग्यातली. २०१७-१८ च्या रणजी फायनलला इंदूरमध्ये विदर्भाच्या गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली ती मी सिव्हिल लाइन्समधल्या चहाच्या टपरीवर रेडिओवर ऐकली. विदर्भानं पहिल्यांदा रणजी जिंकली ते वर्ष. आम्ही सगळे “लाइन बघ, लाइन बघ” म्हणून नाचत होतो.

पोरगी_पोलीसलाइन

सिव्हिल लाइन्स आलं म्हणून लिहिते. माझं बालपण पोलीस लाइन टाकळीत गेलं. बाबा हवालदार होते. लाइन म्हणजे आमच्यासाठी घर. एका भिंतीला दुसरं घर, त्याच्या भिंतीला तिसरं. दारं सगळी एका बाजूला, समोर ओटा, ओट्याला लागून नाली. उन्हाळ्यात सगळ्यांच्या खाटा अंगणात, त्याही एका ओळीत. कोणाच्या घरी भाजीला फोडणी पडली की चार घरांपर्यंत कळायचं. शाळेत बाई विचारायच्या, “कुठे राहतेस?” मी फक्त “लाइनीत” म्हणायचे आणि त्यांना ते पुरायचं.

मोठी झाल्यावर कळलं की हा शब्द पलटणीतून आला. इंग्रजांच्या फौजेचे तंबू आणि बराकी ओळीनं असत, म्हणून त्या ‘लाइन्स’. कामठीला छावणी १८२१ मध्ये झाली. सैन्य जिथे राहतं त्या लाइन्स, आणि मुलकी साहेब जिथे राहतात त्या सिव्हिल लाइन्स. साहेबांच्या बंगल्यांना पुढे मोठी अंगणं आली, झाडं आली, ओळ अशी काही उरली नाही, पण नाव राहिलं. आमच्याकडे मात्र खरोखर ओळ होती.

मृणाल_रेशीमबाग

पोरगी, तुमचं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग आत्याच्या पत्त्यात तंबू आहेत!”

गजानन_अजनी

दोन दिवस विचार केला. ओळंबा यांचं म्हणणं मान्य. सर्व्हे करताना आमचे लोकही दोरी आणि खुंट्या घेऊनच निघायचे, ते मी स्वतः पाहिलंय. माझा शब्द मागे घेतो.

आता माझ्याकडची एक लाइन द्यायची राहिली, ‘लाइन क्लिअर’. लोक तो शब्द कशालाही वापरतात, रस्ता मोकळा, सासरा राजी, काहीही. आमच्याकडे त्याचा अर्थ जीवन-मरणाचा होता. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनानं तारेवरून मान्यता दिल्याशिवाय आपल्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर येतच नाही. एक गोळा बाहेर निघाला की तो पुढे पोचेपर्यंत दुसरा निघत नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला. न थांबणारी गाडी आली की मी फलाटाच्या टोकाला कडी वर धरून उभा राहायचो आणि इंजिनातला माणूस हात अडकवून ती उचलायचा. त्याच वेळी मागचा गोळा तो फलाटावर टाकायचा. वेग जास्त असला की त्याचा दंड कोपरापर्यंत काळानिळा व्हायचा. पावसाळ्यात रात्री एका हातात कंदील आणि एका हातात कडी. गोळा हातात आहे म्हणजे लाइन तुझी आहे. त्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही.

नागभीडची छोटी लाइन २०१९ मध्ये बंद झाली तेव्हा इतवारी स्टेशनावर मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो. नंतर तिथे मोठ्या लाइनीचं काम सुरू झालं. रूळ निघाले तरी लोक अजून ‘छोटी लाइन’च म्हणतात.

बातमीदार_सीताबर्डी

गजाननकाकांचं वाचून माझ्या धंद्यातला शब्द लिहावासा वाटला, डेडलाइन. आम्ही दिवसातून वीस वेळा बोलतो. मूळ भयंकर आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता. बाहेरच्या भिंतीच्या आत काही फुटांवर एक बुटकं लाकडी कुंपण घातलं होतं. त्याला डेडलाइन म्हणत. ते ओलांडलं, नुसता हात पलीकडे गेला, तरी पहारेकरी गोळी घालत. त्या तळावर भूक आणि रोगानं जवळपास १३,००० कैदी मेले. पुढे विसाव्या शतकात अमेरिकी वर्तमानपत्रांनी हा शब्द वेळेसाठी घेतला.

हे कळल्यापासून मी ज्युनिअर मुलांना ‘डेडलाइन’ म्हणत नाही. ‘पान सोडायची वेळ’ म्हणतो. आपल्याकडे तो शब्द होताच.

कपिल_मानेवाडा

हे माहीत नव्हतं. आज ऑफिसात एकालाही डेडलाइन विचारली नाही.

विलास_तरोडी

मूळ प्रश्नाकडे येऊ. वीज गेली की आपण ‘लाइन गेली’ म्हणतो. पुण्याचे माझे साडू ‘लाइट गेली’ म्हणतात आणि मला हसतात. कोण बरोबर?

ओळंबा_लोहाओळी

आपण बरोबर. दिवा जागेवरच असतो, तार मुकी होते. तार म्हणजे लाइन, म्हणूनच तर लाइनमन येतो, लाइटमन नाही. साडूंना सांगा.

मंजिरी_बजाजनगर

मृणाल, मुलीला आता इतकं सांग की ‘कर’ आणि ‘लाइन’ वेगळे. ‘कर’मध्ये हात आणि घरपट्टी यांचा अर्थ जोडून दाखवायचा तर ओढाताण करावी लागते. ‘लाइन’मध्ये तिच्या वहीतला प्रत्येक अर्थ ताणलेल्या दोरीपर्यंत परत नेता येतो. दुधाची लाइन म्हणजे घरामागून घर असा रस्ता, तोही ओळच. हॉटेल लाइन म्हणजे धरलेली वाट. तिला एक-एक मागे न्यायला सांग, तिची तीच नेईल.

निळाई_भिवापूर

मी आणखी एक सांगू? कालच जवस काढलं. एक पेंढी ठेवली आहे, बी झोडून. कोणी येत असेल तर देते. मुळासकट उपटलेलं आहे, कापलेलं नाही, म्हणजे धागा पूर्ण लांबीचा मिळेल. बादलीत पाण्यात बुडवा, वर दगड ठेवा. आठ-दहा दिवसांत साल सुटायला लागेल. वास येईल, मागच्या अंगणात ठेवा. मग उन्हात कडक वाळवा, लाकडानं हळू ठेचा आणि जुन्या फणीनं विंचरा. मला हे सरांनी वाचून सांगितलं, मी केलेलं नाही. तुम्ही करा आणि सांगा.

मृणाल_रेशीमबाग

पंधरा दिवसांनी लिहिते आहे. भिवापूरला गेलो, निळाईताईंकडे जेवलो, चटणीत तीळ होते. पेंढी आणली. नवव्या दिवशी देठाची साल नखानं सुटली. वास खरंच वाईट, सासरे दोन दिवस मागच्या दारानं गेले नाहीत. वाळवून ठेचलं तेव्हा आतलं लाकूड भुशासारखं गळलं आणि हातात राहिले भुऱ्या केसांसारखे धागे, भरड आणि वीतभर लांब. लेकीनं मांडीवर घासून पीळ दिला, आजेसासूबाई वाती वळायच्या तसा. तुटत गेलं, जोडत गेली. शेवटी दोन हात लांब दोरी झाली, गाठी असलेली.

मग समोरच्या घराचं काम करणाऱ्या गवंडीदादांना तिनं विचारलं, सूत कसं मारतात? त्यांनी तिची दोरी गेरूच्या पाण्यात बुडवली, एक टोक तिला धरायला दिलं, दुसरं आपण धरलं, ओट्याच्या फरशीवर ताणली आणि मधून चिमटीत उचलून सोडली. टप्पकन आवाज. फरशीवर लाल रेघ उठली. जिथे गाठ होती तिथे एक ठिपका.

सासऱ्यांनी मागच्या दाराऐवजी पुढच्या दारातून येऊन पाहिलं. आणि तेवढ्यात लाइन गेली.

ओळंबा_लोहाओळी

रेघ सुतात आली का?

मृणाल_रेशीमबाग

आली दादा. गवंडीदादांनी गुण्या लावून पाहिलं.